चूल किती वाजता पेटते? आक्काबरोबर निपाणी, बेळगाव आणि गुंजी

टिळकवाडीत आमच्या गल्लीतलं कुणी प्रवासाचं ठरवलं की आधी फोन मला येतो. "मॅडम, हंपीला खोली कुठल्या वेबसाईटवर बघू?" "या हॉटेलचे फोटो खरे असतील का हो?" "वेटिंगचं तिकीट होईल का, की बसचं बघू?" शाळेत मी भूगोल शिकवते, पण गल्लीत माझी ओळख ‘वेबसाईटवाल्या बाई’ अशीच आहे. कुठली साईट कुठल्या प्रवासाच्या कामाची, कुठली नुसतीच चकचकीत, कुठे रद्द केलं तर पैसे परत मिळतात आणि कुठे हात हलवत यावं लागतं, हे मला बरोबर कळतं. हा ब्लॉगही त्यातूनच सुरू झाला. मला याचा अभिमान आहे आणि तो मी उगाच विनयाखाली झाकत नाही.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं होतं. अख्ख्या गल्लीला मी फिरायला धाडलं आणि माझी सख्खी थोरली बहीण, कुसुमआक्का, गेली कित्येक वर्षं निपाणीजवळच्या आपल्या मळ्यातून जवळच्या स्तवनिधी तीर्थाच्या पलीकडे मुक्कामाला गेली नव्हती. माझ्याकडे बेळगावला यायची, तीही सकाळी येऊन दुपारी परत.

कारण एकच, तिचं जेवण. आम्ही जैन. आमच्या घरात दिवस मावळल्यावर जेवायचं नाही ही शिस्त. माझी ती नोकरी, मुलं, टिळकवाडीतलं आयुष्य यांत कधीच सैल झाली. आक्काची झाली नाही. ती सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही घेत नाही. पूर्वी एकदा ती एका टूरवाल्याबरोबर गेली होती. गाडी रोज अंधार पडल्यावर मुक्कामाला पोचायची. लोक गरम जेवायचे आणि आक्का खिडकीशी जपमाळ ओढत बसायची. परत आली ती कानाला खडा लावूनच.

दिवाळीनंतर मी मळ्यात गेले, तेव्हा गावच्या बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, बायका शिखरजीला जाणार असल्याचं कळलं. सम्मेद शिखरजी म्हणजे आम्हा जैनांचं सगळ्यात मोठं तीर्थ, पार तिकडे झारखंडात. आयुष्यात एकदा तरी तो डोंगर चढावा, असं प्रत्येकाला वाटतं. आक्कालाही वाटतं. लहानपणी आम्ही दोघी अंगणात खडूने शिखरजीचा डोंगर काढायचो, त्यावरची टोकं तीच मोजून दाखवायची. पण बायका विचारायला आल्या तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली.

"मला काय हौस न्हाय व्हय गं सुजे?" ती मला म्हणाली. "पर तितं माझं जेवान कोन बघनार? सगळ्यांच्या मागं उपाशी बसून फरफटत जायचं म्हंजी देवाला बी तरास."

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, गोठ्यातून बाहेर येत म्हणाले, "घिऊन जा गं बाई तूच हिला. गुडघं चालत्यात तवर डोंगूर चढू दे. पुढच्या सालाचं कुनी सांगावं?"

त्यांचं ते गुडघ्यांचं बोलणं माझ्या मनाला लागलं. आक्का उठताना आता खांबाला धरते, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. मी जोरात म्हणून टाकलं, "आक्का, आता ते टूरवाले न्हाईत. वेबसाईटवर सगळं बघता येतंय. कुठं काय मिळतंय, कवा मिळतंय, सगळं लिवलेलं असतंय."

"तुझ्या वेबसाईटीला म्हाईत हाय व्हय माझं जेवान?"

"म्हाईत हाय."

मग ठरलं. तीन दिवसांची चाचणी. निपाणीहून बेळगाव, बेळगावहून गुंजी आणि परत. मुक्काम, गाडी, जेवण सगळं मी वेबसाईट बघून ठरवायचं. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आक्काचं जेवण झालं, तर शिखरजीला यायचं. एकदा जरी चुकलं, तर हा विषय परत काढायचा नाही. शिवाय मी एक अट घातली: डबा घ्यायचा नाही. शिखरजीपर्यंत काय दशम्या पुरणार आहेत का? डब्याच्या आधाराने केलेली चाचणी काही खरी नव्हे.

डब्याशिवाय पिशवी भरताना आक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमच्या भागात बाई प्रवासाला निघाली आणि पिशवीत दशमी, शेंगाची चटणी नाही, असं कुणी पाहिलं नसेल.

आता पहिल्या दिवसाचं. मी सकाळीच आक्काला आणायला निपाणीला गेले. कोल्हापूर किंवा पुण्याकडून येणाऱ्या वाचकांनी इथे लक्ष द्यावं. निपाणी, बेळगाव हा सीमेवरचा भाग. रस्ता एकच, त्यावर दोन्ही राज्यांच्या एसट्या धावतात. पण एका राज्याच्या वेबसाईटवर फक्त त्याच राज्याच्या गाड्या दिसतात. एकीकडे बघाल तर ‘गाडी उपलब्ध नाही’ असं वाचून निराश व्हाल आणि त्याच वेळी स्टँडवर दुसऱ्या राज्याची गाडी कंडक्टर ओरडून भरत असेल. म्हणून दोन्ही उघडून बघा. खासगी गाड्यांसाठी बुकिंगच्या साईट वेगळ्या. त्यांवर कुठे चढायचं ते नीट वाचा, कारण बऱ्याच गाड्या गावात न शिरता हायवेवरच्या पुलाखाली थांबतात.

मी अशाच एका साईटवरून एसी गाडीत खिडकीच्या दोन जागा धरल्या होत्या. पुश बॅक सीट, पाण्याची बाटली, सगळा थाट. आक्का स्टँडवर आली, समोर कर्नाटकाची साधी गाडी उभी होती, आणि ती सरळ जाऊन तिच्यात बसली.

"आक्का, आपलं तिकीट हायवेवरच्या गाडीचं काढलंय!"

"ही फुकाट हाय की बायकास्नी. पैसं कशाला घालवतीस?"

खरंच होतं. कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या गाडीत आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. ही गाडी माझ्या बुकिंगच्या साईटवर दिसणारच नव्हती. गाडी सुटायला थोडाच वेळ असेल तर रद्द केलेल्या तिकिटाचे पैसेही परत येत नाहीत, तेव्हा आमच्या दोन एसी खिडक्या रिकाम्याच गेल्या असणार. आक्काने शून्याचं तिकीट घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि प्रवासभर प्रसन्न होती. तवंदी घाटात गाडी वळली तशी तिने स्तवनिधीच्या दिशेने हात जोडले. एरवी तिची मुक्कामाची सीमा तिथे संपायची. गाडी पुढे निघाली तरी तिचे हात बराच वेळ तसेच होते.

संकेश्वर, हत्तरगी, काकती करत आम्ही बेळगावात उतरलो. किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलो. मी इथे शाळेच्या मुलांना घेऊन कितीदा आलेय, पण आक्का गाभाऱ्यासमोर मान वर करून छतातलं दगडी कमळ बघत राहिली, तेव्हा मी पण पहिल्यांदाच नीट पाहिलं. "एवढं आपल्या बेळगावात हाय, आनि मी न्हाय बघितलं," ती म्हणाली. मला वाटलं, हे सगळं जणू मीच बांधलंय. बाहेर पडताना माझी छाती एक इंच तरी पुढे होती.

मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर. हो, माझं स्वतःचं घर पंधरा मिनिटांवर असताना! चाचणी म्हणजे चाचणी. आमचे हे संध्याकाळी भेटायला आले आणि पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. रिसेप्शनवरच्या माणसाने त्यांना विचारलंही, "सर, आपण कुठून आलात?" हे म्हणाले, "टिळकवाडीतून." तो बिचारा रजिस्टर चाळायला लागला.

लॉज निवडायची माझी रीत सांगते. तुलना करणाऱ्या दोन साईट उघडायच्या. चांगल्या तक्रारमुक्त अभिप्रायांकडे बघायचंच नाही, आधी सगळ्यात वाईट अभिप्राय वाचायचे. एखाद्याने ‘टीव्ही लहान आहे’ म्हणून एकच तारा दिला असेल, तर खुशाल जावं. चादर, पाणी किंवा कुलूप यांबद्दल कुणी लिहिलं असेल, तर पुढे सरकावं. मालकाने टाकलेले फोटो सोडून पाहुण्यांनी काढलेले बघावेत. आणि खोली पसंत पडली की लॉजची स्वतःची वेबसाईट किंवा फोन असेल तर तिथेही भाव विचारावा, पुष्कळदा स्वस्त पडतो. आमचीही तशीच स्वस्त पडली.

जेवणासाठी मी आणखी एक युक्ती केली होती. नकाशाच्या साईटवर खानावळींचे अभिप्राय असतात आणि त्यांत शब्द शोधता येतो. मी ‘सूर्यास्त’ हा शब्द टाकला. एका खानावळीखाली कुणीतरी लिहिलेलं सापडलं की इथे सूर्यास्ताच्या आधी ताजं जेवण मिळतं. ऊन बाजारपेठेच्या माळ्यांवर होतं तेव्हाच आम्ही पाटावर होतो. जोंधळ्याची पातळ भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, शेंगाची चटणी, वर दही. शेवटी मी बेळगावची खास मिठाई, कुंदा, मागवला. आक्काने बोट चाटून हात धुतले, बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून दिवस हाय."

एवढंच. पण आक्काच्या तोंडून हे म्हणजे शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘उत्तम’ लिहून दिल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजरने गुंजीला. रेल्वेच्या साईटवर आरक्षणाच्या गाड्या शोधाल तर ही गाडी तुमच्या नजरेतून सुटेल. तिचं साधं तिकीट खिडकीवर किंवा मोबाईलवर काढायचं, आणि गाडी खरंच कुठे पोचली हे दाखवणारी साईट वेगळी बघायची. वेळापत्रक आणि गाडी यांची भेट रोज होतेच असं नाही. खर्च म्हणाल तर दोघींचं भाडं चहा-भज्यांएवढं.

डब्यात समोर धारवाडकडची एक आजी बसली होती. तिने आक्काला विचारलं, "ऊट आयता?" आमच्याकडे जेवण झालं का, हाच रामराम. आक्काने कानडीत उत्तर दिलं आणि दोघींचं खानापूरपर्यंत असं जमलं की मला कुणी विचारेना. आक्का तिला सांगत होती की ही माझी धाकटी बहीण, मोठी शिक्षिका आहे, हिच्या मोबाईलमध्ये सगळं जग आहे. आजीने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं, पण कान तिकडेच होते.

खानापूर गेलं की झाडी दाट होत जाते आणि हवा बदलते. गुंजीला उतरलो तेव्हा फलाटावर आम्ही मोजकीच माणसं. मुक्काम गावाबाहेर रानाच्या कडेला, चार खोल्या आणि मोठा व्हरांडा. चालवणारे परशराम आणि त्यांची बायको. घरगुती मुक्काम दाखवणाऱ्या एका साईटवर हे सापडलं होतं. मी शोधताना बाजूच्या चौकोनांत खुणा करत गेले होते: गरम पाणी, तळमजल्यावर खोली, आणि ‘जैन जेवण’. तीन खुणा, तीन बरोबर. मी इतकी खूश झाले की लगेच पैसे भरून टाकले.

दुपारचं जेवण झकास झालं. केळफुलाची भाजी आक्काने दोनदा मागून घेतली. मग आम्ही माउलीच्या देवळाकडे चालत गेलो. आक्काचे गुडघे तक्रार करत नव्हते. तळ्याकाठी थांबत, झाडं ओळखत, सावकाश परतलो. ऊन शेंड्यांवर गेलेलं होतं. मला काळजी नव्हती. जेवण तयार असणारच होतं.

व्हरांड्यात परशराम शेकोटीची लाकडं रचत होते.

"ताट वाढताय ना?" मी विचारलं.

"आठला, मॅडम. शेकोटीसंगं. मंडळी खानापूरच्या बाजाराला गेल्यात, सामान घिऊन येतीलच आता. आल्यावर चूल पेटवायची."

"आठला? अहो, तुमच्या पानावर जैन जेवण लिहिलंय!"

"हाय की! कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. तुमच्यासाठी वेगळी भांडी काढल्यात." ते खरंच गोंधळले होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

माझं चुकलं होतं. मी, भूगोलाची शिक्षिका, जैनाच्या घरात वाढलेली, ‘जैन जेवण’ या चौकोनात खूण केली आणि समजले की झालं. ताटात काय आहे ते त्या चौकोनाने सांगितलं होतं. ताट कधी येणार ते नाही. परक्याने ही चूक केली असती तर मी त्याला दिवसभर व्याख्यान दिलं असतं.

मी पळाले. गावातल्या दुकानापर्यंत अक्षरशः पळाले, साडी वर धरून. दुकानात केळी होती. तो घड हातात घेऊन परत येईपर्यंत रानावरचा उजेड विझला होता. आक्का व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. तिने चूळ भरून तांब्या पालथा घातला होता.

"ठेव ती, सुजे," ती म्हणाली. "सकाळी खाऊ."

एक शब्द रागाचा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. परशरामांची बायको बाजारातून आली, तिला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून आत निघून गेली. आक्का मला म्हणाली, "तू जेव. तुझं कशाला हाल?" मी जेवले नाही. व्रत म्हणून नव्हे; घासच उतरला नसता. शिखरजी गेलं. माझ्या एका खुणेमुळे गेलं. जपमाळ घेऊन ती भिंतीला टेकली आणि मला तो टूरवाल्याच्या गाडीतला खिडकीचा प्रसंग डोळ्यांसमोर दिसायला लागला, जो मी कधी पाहिलाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी ऊन व्हरांड्यात आल्यावर आक्काने पाणी प्यायलं, मग केळ सोललं. एक मला दिलं. मग तिने परशरामांना हाक मारली. मला वाटलं, आता त्यांचं काही खरं नाही. माझी आक्का ऊस तोडणाऱ्या टोळीला एकटी हाताळते, तिचं तोंड सुटलं की दाजीसुद्धा गोठ्यात जातात.

"परशराम, बस बाबा," ती म्हणाली. "चूल किती वाजता पेटती तुझी?"

"सहाच्या फुडं, आक्का. बाजाराच्या दिवशी सातला."

"आनि पाचला पेटवली तर?"

"पाचला कुनी मागतच न्हाय. हितं येत्यात ती जैन मंडळी बी आठला शेकोटीजवळ जेवत्यात. म्हनून मला वाटलं, कांदा-लसूण नको एवढंच असतंय."

"एवढंच न्हाय रं. आमच्यासारकी अजून लई हाईत. निपाणी, चिकोडी, सांगलीकडं घरोघरी म्हातारी मानसं हाईत माझ्यासारकी. ती घराभाईर पडत न्हाईत, म्हनून तुला दिसत न्हाईत."

परशरामांनी शेकोटीतली विझलेली लाकडं बाजूला सारली. मग म्हणाले, "आदल्या दिवशी फोन केला तर पाचला ताट वाढीन. शब्द देतो." आणि त्यांनी माझ्याकडे मोबाईल दिला, म्हणाले, आमच्या पानावर तेवढं लिहून द्या.

मी लिहून दिलं. तेवढ्यात आक्का म्हणाली, "तुझ्या वेबसाईटीवर मानसं लिवत्यात न्हवं, कसं हाय त्ये? माझं बी लिव."

मी अभिप्रायाचं पान उघडलं. "तारे किती देऊ?"

"किती असत्यात?"

"पाच."

"पाच दे."

"उपाशी झोपलीस तरी?"

"त्यानं ठिवलं व्हय उपाशी? आपन इचारलं न्हाय." ‘आपण’ म्हणाली. ‘तू’ म्हणाली नाही. ते मी जन्मभर विसरणार नाही.

मग तिने सांगितलं आणि मी तिच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता, लिहिलं: "जागा चांगली हाय. हवा लई गार, शाल घिऊन जावा. केळफुलाची भाजी झकास. दिवस मावळायच्या आदी जेवनाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून चूल पाचला पेटवा म्हनून सांगायचं. मालक देवमानूस हाय, पेटवतो. कुसुम, निपाणी."

शुद्धलेखनाच्या लाल खुणा करायला माझा हात यावेळी जराही शिवशिवला नाही.

परतीचा प्रवास साधा. गाडी उशिरा आली, बेळगावला पोचायला दुपार कलली. स्टँडवर आक्का म्हणाली, "दाजीला फोन लाव," आणि फोनवर एवढंच विचारलं, "चूल पेटवलासा का?" मळ्यात पोचलो तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांवर होता. दाजींनी चारलाच चूल पेटवून पिठलं-भात करून ठेवला होता. पिठल्यात गाठी होत्या. आक्काने नावं ठेवली नाहीत, हेही त्या घरात नवीनच. जेवण झाल्यावर मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "आक्का, पैज हरले मी."

"व्हय, हारलीस," ती म्हणाली. आणि भांडी घासायला घेतली.

घरी येऊन बरेच दिवस मी ब्लॉगवर काही लिहिलं नाही. गल्लीतले फोन येतच होते. फरक एवढाच पडला की आता कुठल्या साईटवर बघू, असं कुणी विचारलं की मीच उलट विचारते. बरोबर कोण आहे? जेवता कधी? जिने चढता येतात का? औषधं फ्रिजमध्ये ठेवायची असतात का? लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही डॉक्टरीणबाईंसारख्या विचारायला लागलात. पण सांगते, योग्य वेबसाईट शोधायची असेल तर आधी आपण कोण ते ठाऊक पाहिजे. आणि तुमच्या गरजेचा चौकोन कुठल्याच साईटवर नसेल, तर तिथे दिलेला फोन नंबर हीच त्या साईटवरची सगळ्यात उपयोगाची गोष्ट. उचला आणि विचारा.

मधेच आक्काच्या त्या अभिप्रायाखाली इचलकरंजीच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांच्या सासूबाईंना घेऊन त्या गुंजीला जाऊन आल्या होत्या. पाचला ताट मिळालं, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे विचारलं होतं, "या निपाणीच्या कुसुमताई कोण? त्यांनी आणखी कुठल्या ठिकाणांबद्दल लिहिलंय का?" मी तो निरोप तीनदा वाचला, मग यांना वाचून दाखवला, मग शेजारच्यांना. इतकी वर्षं मी ढीगभर लिहिलं. असं कुणी माझ्याबद्दल विचारलेलं नाही. मला हेवा वाटायला हवा होता. मला फक्त इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. मी निरोप आक्काला पाठवला, आणि त्याच्यासोबत, काही न लिहिता, शिखरजीच्या पायथ्याच्या एका धर्मशाळेच्या वेबसाईटवरचा नंबरही. पैज हरले होते, विषय काढायचा नव्हता. नंबर पाठवायचा नाही, असं काही ठरलं नव्हतं.

परवा दुपारी तिचा फोन आला.

"सुजे, मी त्या धर्मशाळंत फोन लावलता."

"तू? कुठल्या भाषेत बोललीस?"

"हिंदीत. मग काय कानडीत बोलू? म्हनलं, भैय्या, चूल्हा कितने बजे जलता है."

मला हसू आवरेना. "मग काय म्हणाला?"

"म्हनला, तीनला. आनि एक सांगितलं त्यानं. हिवाळ्यात तितं दिवस लई लवकर मावळतो. आपल्याकडं ऊन असतंय तवा तितं अंधार पडलेला असतोय. तुमच्या घड्याळावर येऊ नगासा, म्हनला."

मी हवामानाची साईट उघडून तिकडची सूर्यास्ताची वेळ बघितली. बरोबर होतं. पूर्वेकडे गेलं की सूर्य लवकर मावळतो, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते, आणि शिखरजीचा बेत करताना माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. ते माझ्या आक्काने एका फोनवर शोधून काढलं होतं.

"मग, आक्का?" मी हळूच विचारलं. "म्हणजे… यायचं ठरलं?"

"बस्तीतल्या बायका म्हनत्यात, कुसुमआक्का येत असंल तरच आमी येतो. जेवनाचं तीच बघंल. आता त्यास्नी न्हाय कसं म्हनू?" मग तिचा आवाज एकदम कडक झाला, ऊसतोडीच्या टोळीशी बोलतानाचा. "तिकिटं तू काढ. खालची जागा बघ, माझं गुडघं हाईत. आनि एक ध्यानात ठेव सुजे, तू बी येनार हाईस."

"येणार की."

"डबा घ्यायचा न्हाय."